आधी येईल त्याचं नाव

(खराबवाडी, चाकण. शुक्रवारची सकाळ. काल गुरुवार, म्हणजे औद्योगिक पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी. लाईटही दिवसभर गेलेली. स्टोअरच्या दारात टेम्पो उभा. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमलेला.)

स्टोअरवाले काका : आलास? अजून अर्धा तास लावला असतास तर थेट माझ्या तेराव्यालाच आला असतास.

कॉम्प्युटरवाला : झालं काय, काका?

काका : बारकोडचं स्टिकर निघंना. लाइनवरचा कॉम्प्युटर म्हणतो, स्टोअरचा कॉम्प्युटर सापडत नाही. अरे, सापडत नाही कसा? मी त्याच्याच पुढ्यात बसलोय!

कॉम्प्युटरवाला : वायर बघितली?

काका : काढली, फुंकली, लावली. अगरबत्तीसुद्धा ओवाळली. तिकडं कस्टमरची लाइन थांबली तर डेबिट नोट येईल, ती काय अगरबत्तीच्या नावावर टाकू?

कॉम्प्युटरवाला : थांबा, लाइनवरून पिंग मारतो. आधी नंबरानं. 192.168.1.14... उत्तर येतंय. म्हणजे वायर ठीक, स्विच ठीक. आता नावानं मारतो... अरेच्चा!

काका : नाही आलं ना?

कॉम्प्युटरवाला : आलं. पण 23 नंबरवरून आलं.

काका : 23 कोण?

कॉम्प्युटरवाला : डिस्पॅच.

काका : माझ्या नावाला तो ओ देतो? आणि वर म्हणायचं सापडत नाही?

कॉम्प्युटरवाला : त्याच्याकडं स्टिकरचं फोल्डरच नाही. म्हणून प्रोग्रॅम बोंबलतोय.

काका : मग नावाची भानगड पाहिजेच कशाला? नंबर टाक आणि मोकळा हो.

कॉम्प्युटरवाला : लाईट गेली की राउटर कधी कधी नंबर बदलून देतो. नाव तेच राहतं. टेम्पोवाल्यानं टपरीवर गट नंबर विचारला तर कोणी सांगेल का? कंपनीचं नाव विचारलं की लगेच बोट दाखवतात.

काका : दाखवतात, पण भलतीकडं. आणि ही नावं कुठल्या तलाठ्याकडं लिहिलेली असतात?

कॉम्प्युटरवाला : पूर्वी अमेरिकेत खरंच एक तलाठी कचेरी होती. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर नावाच्या बाईंच्या हाताखाली सगळ्या नेटवर्कची एकच फाइल होती. नवीन मशीन लावलं की त्यांना कळवायचं. पुढं मशीनं इतकी वाढली की ती फाइल पुरेना. मग 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस काढलं. नावांचा कारभार वाटून दिला.

काका : आपल्याकडं आहे का ते?

कॉम्प्युटरवाला : बाहेरच्या वेबसाइटींसाठी आहे. घरातल्या नावांसाठी तुमच्या जुन्या विंडोजवर बोंब मारायची पद्धत आहे. "अमुक कोण रे?" म्हणून सगळ्यांना हाक. ज्याचं नाव, तो ओ देतो.

काका : आणि दोघांनी ओ दिली तर?

कॉम्प्युटरवाला : दुसऱ्याला देऊच देत नाहीत. आता तुमच्या मशीनवर एनबीटीस्टॅट बघू... हे बघा. तुमच्या नावापुढं लिहिलंय, कॉन्फ्लिक्ट.

काका : माझं नाव चाकण-फेज-टू-स्टोअर. त्याचं चाकण-फेज-टू-डिस्पॅच. कशाचा कॉन्फ्लिक्ट? साहेबांनी स्वतः बारसं केलंय.

कॉम्प्युटरवाला : तिथंच तर घोळ आहे. या पद्धतीत नावाला इंग्रजी पंधराच अक्षरं मिळतात, आडव्या रेघा धरून. सोळावं विंडोज स्वतःच्या खुणेसाठी ठेवतं. मोजा. "चाकण-फेज-टू" मधला शेवटचा ओ लिहायच्या आधीच पंधरा भरली. स्टोअर आणि डिस्पॅच दोन्ही कापले गेले. तुम्ही दोघंही नुसते "चाकण-फेज-ट".

काका : हात मेल्या! मग इतके दिवस चाललं कसं?

कॉम्प्युटरवाला : जो आधी चालू होतो, तो नाव घेऊन बसतो. मागून येणाऱ्याला हाकलतात. इतर दिवशी मशीनं बंद होतच नाहीत. शुक्रवारी सगळी नव्यानं चालू होतात. आज पहिलं कोण आलं?

काका : दर शुक्रवारी मीच असतो. आज... तो डिस्पॅचवाला इथंच खोली करून राहतो. मी राजगुरुनगरवरून येतो. तळेगाव चौकात पाऊण तास गाडी हललीच नाही.

कॉम्प्युटरवाला : झालं! साहेबांचा व्हाय-व्हायचा फॉर्म द्या. स्टिकर का नाही? हाक दुसरीकडं गेली. का गेली? दोघांचं एकच नाव. नाव त्याला का मिळालं? तो आधी आला. तुम्ही मागून का आलात? रूट कॉज, तळेगाव चौक.

काका : आणि करेक्टिव्ह ॲक्शनमध्ये काय लिहू, उड्डाणपूल?

कॉम्प्युटरवाला : नाव बदला. नुसतं "स्टोअर". पाचच अक्षरं. लाइनवरच्या शॉर्टकटमध्येही तेच टाकायचं, नाहीतर ती जुन्याच नावानं शोधत बसेल.

काका : ते माहितीय, जुनं नाव सुटत नाही. 1660 मध्ये फिरंगोजी नरसाळ्यानं जवळजवळ दोन महिने इथला संग्रामदुर्ग लढवला. तो पडल्यावर मोगलांनी चाकणचं इस्लामाबाद केलं. त्यांच्या कागदावर झालं, बाजारात कोणी म्हटलं का?

कॉम्प्युटरवाला : बाजाराच्या शॉर्टकटमध्ये चाकणच होतं ना! चला, नाव बदललं, मशीन रीस्टार्ट केलं. आता मारा स्टिकर.

(प्रिंटर खरखरतो. ड्रायव्हर टाळ्या वाजवतो.)

काका : निघालं बाबा! आता एक कर. फॉर्मवर ते उशिराचं लिहू नको. नुसतं "नावाचा प्रॉब्लेम" म्हण.

कॉम्प्युटरवाला : मी नाही लिहीत. पण गेटवरच्या पंचिंग मशीनवर तुमची वेळ आहेच की. साहेब तिथून काढतील.

काका : ते पंचिंग मशीन साहेब नावानंच शोधत असतील ना?

कॉम्प्युटरवाला : नाही. त्याला कायमचा नंबर बांधून दिलाय. लाईट जाऊ दे, राउटर जळू दे, ते बरोबर सापडतं.

काका : हात्तिच्या! सगळ्या कंपनीत नेमकं तेच?