छापणार यंत्र, पुसणार पोरगी

नखावर चित्र छापणाऱ्या यंत्रात बोट घाला. कॅमेरा नख शोधतो, शाईचं डोकं दोन-चार फेऱ्या मारतं आणि अर्ध्या-एक मिनिटात अनामिकेवर मोर! हातच्या कांकणाला आरसा नको असतो म्हणे. हातच्या नखाला मात्र आता कॅमेरा लागतो.

मिनिटाचं काम, मग खुर्चीत तास का मोडतो?

कारण यंत्राला सगळं आयतं लागतं. आधी पार्लरमधली मुलगी जुनं पॉलिश उतरवणार, नख घासणार, कडेची कातडी मागे सारणार, बेस कोट लावणार, हात दिव्याखाली धरणार. मग पांढरा कोट, पुन्हा दिवा. मग शाई धरून ठेवणारा आणखी एक कोट. एवढी सगळी मांडामांड झाली की यंत्र येतं, प्रमुख पाहुण्यासारखं. फीत कापतं आणि हार घेऊन मोकळं होतं.

पांढरा कोट कशाला? बहुतेक यंत्रांत पांढरी शाईच नसते. घरातल्या इंकजेट प्रिंटरचंच हे भावंड; खाली पांढरं असेल तरच वर रंग उठतो. तंत्रज्ञान एकविसाव्या शतकातलं, कागद तेवढा आपण व्हायचं.

आणि नख म्हणजे काही सपाट ए-फोर नव्हे. त्याला गोलाई असते, शाई वरून पडते, कडेला चित्र फिसकटतं. थोडी शाई आजूबाजूच्या कातडीवरही सांडते. अंगठा तर चार बोटांच्या रांगेत बसतच नाही, त्याची वेगळी मनधरणी. सांडलेलं पुसतं कोण? कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून, मान मोडेस्तोवर वाकून, एकेका बोटाची कड पुसत बसते ती तीच मुलगी. वर टॉप कोट. परत दिवा.

बिलावर मात्र ‘डिजिटल’.

केसाएवढ्या ब्रशनं नखावर जाईची फांदी उतरवणाऱ्या मुली याच पार्लरांत आहेत. दोन फुलं कधी सारखी यायची नाहीत. मालकाला तेच खुपत असावं. आता तीच मुलगी स्क्रीनवर डिझाइन निवडून बटण दाबते, आणि गिऱ्हाईक यंत्राचा व्हिडिओ काढतं. तिचा हात मध्ये आला तर “जरा बाजूला घे ना!”

वर जाहिरात: ‘तुमचं स्वतःचं डिझाइन!’ यंत्रात चित्रं शेकड्यांनी, शिवाय मोबाइलमधला कुठलाही फोटो छापता येतो. स्वातंत्र्य अमर्याद. छापून काय घेतात? फुलपाखरू, संगमरवर आणि दृष्ट लागू न देणारा निळा डोळा.

ज्यांना अगदीच वेगळं हवं असतं, त्या लग्नात नवरदेव छापून घेतात. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. म्हणजे पहिल्या महिन्यातच नवरा कडेला लागायला सुरुवात.

आता तो दिवा. पुण्यात भर दुपारी दुचाकीवरून निघालेली मुलगी बघा. तोंडाला स्कार्फ, कोपरापर्यंत मोजे, आत सनस्क्रीन. ऊन लागता कामा नये! पार्लरला पोचली की मोजे काढते आणि दोन्ही हात अतिनील किरणांच्या पेटीत घालते. पैसे देऊन.

“मॅडम, आमचा यूव्ही नाही, एलईडी आहे.” हे ठेवणीतलं उत्तर. एलईडी हा दिव्याचा प्रकार झाला; जेल पॉलिश कडक करणारे किरण बहुतेक पेट्यांत त्याच जातीचे. 2023 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी अशाच पेटीखाली पेशी ठेवल्या, तेव्हा त्यांच्या डीएनएला इजा झालेली दिसली. पेशी प्रयोगशाळेतल्या होत्या, कुणाच्या हातावरच्या नव्हे, तेव्हा लगेच घाबरू नका. जेल कडक व्हायला मदत करणारं टीपीओ नावाचं रसायन मात्र युरोपीय संघानं 1 सप्टेंबर 2025 पासून बंदच केलं. आपल्या पार्लरमधल्या बाटलीवर ते आहे का? कोण वाचणार! लेबलावरची अक्षरं फार बारीक. नखावर अख्खा मोर दिसतो, तिथं चष्मा लागत नाही.

गिऱ्हाईक महिन्यातून एकदा येतं. ती मुलगी मात्र दिवसभर ॲसिटोनच्या वासात आणि घासलेल्या नखांच्या धुळीत. मास्क असतो. बऱ्याचदा हनुवटीवर.

नखावरचं टिकाऊ काम बघायचंय? मतदानाची शाई बघा. 1962 पासून म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातून येते. ना बेस कोट, ना पेटी. त्यातलं सिल्व्हर नायट्रेट उजेडात आपोआप काळं पडतं, तेही फुकट. शाळेतल्या बाई काडीनं एक रेघ ओढतात. नख वाढून पुढे जाईपर्यंत ती हलत नाही. अपॉइंटमेंट पाच वर्षांनी, एवढीच अडचण.

आमच्या पालिका निवडणुकांत काडी जुनाट ठरली, मार्कर आला. जानेवारी 2026 मध्ये मतदान झालं आणि दुपारपर्यंत बोंब उठली की शाई पुसली जातेय. लोक व्हिडिओ काढून दाखवत होते. पुसत कशानं होते?

नेल पॉलिश रिमूव्हरनं.