क्लीटच्या स्क्रूस जागा खाली करण्याची नोटीस

रा. रा. स्क्रूसाहेब,
मुक्काम : डाव्या बुटाचा तळ, आतली बाजू.

स. न. वि. वि.

आपल्या शेजारच्या बिऱ्हाडाने रविवारी सकाळी पाना लावताच मुकाट्याने जागा सोडली. आपण मात्र पेठेतल्या वाड्यात पागडीवर राहणाऱ्या भाडेकरूसारखे ठाण मांडून बसलात. सायकलच्या पेडलमध्ये अडकणारं बुटाखालचं क्लीट पार झिजलंय, चढावर जोर लावला की पाय पेडलमधून सुटतो, आणि पुढच्या आठवड्यात दोनशे किलोमीटरची बीआरएम सायकलफेरी आहे. साडेतेरा तासांत संपवायची. हे सगळं आपल्याला ठाऊक असूनही आपण हलला नाहीत, याची नोंद घेतली आहे.

शिवाय परवानगी न घेता आपण दोन पोटभाडेकरू ठेवलेत. एक गंज आणि दुसरा ताम्हिणी घाटातला चिखल. हा दुसरा तर आपल्या डोक्यावरच राहायला आला होता. चार मिलिमीटरचा तो षट्कोनी खळगा त्याने इतका गच्च भरला होता, की ॲलन की आत गेलीच नाही, नुसती तोंडाशी टेकली. मी जोर केला. 'कट्' असा आवाज झाला आणि षट्कोनाचा गोल झाला.

(ॲलन की कपाटाच्या खोक्यात फुकट आलेली होती आणि तिचे कोपरे आधीच घासलेले होते, ही बाब इथे गैरलागू आहे.)

त्यानंतर आपल्याशी सामोपचाराने किती वागलो, ते चारचौघांत सांगायलाच हवं. दाभणाने खळगा कोरून काढला. तेल सोडलं, रात्रभर मुरू दिलं. सकाळी चांदणीच्या आकाराची टी-२५ बिट हातोडीने आत ठोकली. या उपायाने भलेभले नरमतात म्हणे. आपण तिचेही दात बोथट केलेत. हॅक्सॉने डोक्यावर खाच पाडून स्क्रू-ड्रायव्हर लावावा म्हटलं, तर आपण क्लीटच्या खोबणीत मान खाली घालून बसलेले, पातं पोचेना. एकाने मोडके स्क्रू उपसायचा ईझी-आऊट सुचवला. तो आत मोडला तर त्याचं पोलाद ड्रिललाही दाद देत नाही, म्हणून तो विचार सोडला.

शेवटी ड्रिल. बूट फडक्यात गुंडाळून व्हाइसमध्ये धरला, मधोमध पंचाचा ठोका दिला आणि पाच मिलिमीटरची बिट सावकाश चालवली. घाई केली असती तर आपण तापून तळाचं प्लास्टिक वितळवलं असतं, तेवढा खोडसाळपणा आपल्यात आहे. बारीक चकचकीत किस निघत होता. मग एकाएकी आपलं डोकं वॉशरसारखं सुटलं आणि बिटवर गरगर फिरू लागलं.

आणि इथे आपलं पितळ उघडं पडलं. मला वाटत होतं, आपण आट्यांत गंजून बसलात. क्लीट उचललं, तर खाली आपलं पाचेक मिलिमीटरचं खुंट उरलेलं. ते साध्या पकडीने धरलं आणि अर्ध्या फेऱ्यानंतर बोटांनी फिरवून काढलं! म्हणजे सारी ताकद डोक्याखालच्या ताणात होती. डोकं गेलं आणि ताठा गेला.

मागच्या पावसाळ्याआधी आपल्याला बसवताना मी आट्यांना ग्रीस लावलं नव्हतं आणि पाच ते सहा न्यूटन-मीटर पुरे असताना अंगातला सगळा जोर लावला होता, असा युक्तिवाद आपण कराल. घरमालकाच्या जुन्या चुका उकरून काढणं ही भाडेकरूंची सवयच आहे. तरी मुद्दा नाकारता येत नाही, हे इथेच लिहून ठेवतो.

आपल्या आणि शेजाऱ्याच्या जागी आता नवे दोघे आले आहेत, आटे ग्रीसमध्ये बुडवून. आतल्या पट्टीला आट्यांची चार भोकं असतात. त्यांतलं एक आपण नासवलं असतं, तरी क्लीट पुढेमागे सरकवून दुसरी जोडी वापरता आली असती. तेव्हा आपण अपरिहार्य होता, असा गैरसमज नसावा.

कळावे.

आपला,
घरमालक

ता. क. उजव्या बुटातल्या दोघांचा चिखल दाभणाने काढून त्यांना तेल दिलं आहे. उद्या सकाळी त्यांची पाळी. ॲलन की नवी आणली आहे.