तांदूळ न धुताच हो!

अहो वहिनी, जरा इकडे कुंपणापाशी या ना, मोठ्यानं बोलण्यासारखं नाही. ऐकलंत का शनिवारचं? आपल्या भांगरवाडीतल्या मास्तरीणबाईंच्या धाकटीला पाहायला दादरची मंडळी आली होती. आणि कार्यक्रम कुठे, तर तुंगार्लीच्या त्या इटालियन हॉटेलात! तेच हो, बाहेर फळ्यावर खडूनं मेनू लिहितात आणि आत विटांची भट्टी पेटलेली असते ते. आता मला सांगा, मुलगी पाहायला आलेल्यांपुढे कांदेपोहे ठेवायचे की लझानिया? पण धाकटीचा हट्ट. म्हणे, मी ट्रे घेऊन हॉलमध्ये येणार नाही, भेटायचं तर बाहेर, आणि बिल निम्मं निम्मं. मास्तरीणबाईंचं तोंड असं काही झालं की… जाऊ दे. स्थळ मीच सुचवलेलं, त्यामुळे मलाही बोलावलं. नाहीतर मी कशाला जातेय!

थंडी काय होती त्या दिवशी! पावसाळ्यातलं लोणावळा मुंबईकरांचं, पण डिसेंबरातलं आपलं, नाही का? दिवस मावळला की वाऱ्याला नुसती धार येते. मंडळी साडेसातला येणार होती, ती आली नऊला. शनिवार, त्यात घाट, तुम्हाला काय सांगायचं. सगळे भुकेले, गारठलेले, त्यामुळे चेहरे आधीच ताणलेले. मुलगा, त्याचे आईवडील आणि कानटोपी घातलेल्या आत्याबाई. आमच्याकडून धाकटी, मास्तरीणबाई, मी आणि धाकटीचे मामा. मामा म्हणजे कृषी खात्यातले, रिटायर झालेले. ते लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

पहिलं ते सूप आलं, मिनेस्ट्रोनी. राजमा, गाजर, कोबी, टोमॅटो, मधेमधे पास्त्याचे तुकडे, वाफा येतायत. दोन चमचे पोटात गेले आणि मंडळी जरा सैलावली. मुलाच्या आईनं तर स्वेटरची बटणंच काढली आणि लगेच इटली सुरू. गेल्या वर्षी टूरला जाऊन आल्यात ना! रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, आणि पिसाच्या मनोऱ्याला हातानं टेकू दिल्याचा फोटो. तो फोनवरून टेबलभर फिरला. टूरसोबत आपला महाराज होता, रोज वरणभात मिळायचा, हेही सांगून झालं. मग म्हणतात कशा, “पण चीज खावं तर तिथलंच. ते पार्मेसान! मी तर सूपवर, भातावर, सगळ्यावर भुरभुरून खाल्लं.”

आता हे घर कसलं, तर अंड्याचा केकसुद्धा न आणणारं.

आणि धाकटी, तिनं फूड टेक्नॉलॉजी केलंय ना, अगदी भाबडेपणानं म्हणते, “काकू, पण ते व्हेज नसतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे दूध गोठवायला वासराच्या पोटातलं रेनेट घालतात. अस्सल पार्मेसानचा तसा नियमच आहे तिकडे. मग किमान वर्षभर मुरवतात.”

वहिनी, काय शांतता पसरली म्हणून सांगू! आईंचा चमचा हवेतल्या हवेत. वडील एकदम मेनूकार्ड वाचायला लागले, तेही उलटं धरून. मास्तरीणबाईंनी टेबलाखालून धाकटीला पाय मारला, तो लागला मला. आणि मुलगा? मुलगा फस्सकन हसला! नाकातून सूप यायचं बाकी होतं. आईनं असा कटाक्ष टाकला… पण मी त्याच वेळी ओळखलं बरं का, की इथे काहीतरी जमणार.

तर काय सांगत होते? हां, चीज. मग आत्याबाईंनी वाढणाऱ्या पोराला बोलावलं. “मी आयुष्यात चीज खाल्लं ते डेक्कन क्वीनच्या डायनिंग कारमधल्या टोस्टवरचं. तुमचं कसलं आहे, दाखव.” पोरगा कार्ल्याच्या बाजूचा, बिचारा निमूट आत गेला आणि पाकीटच घेऊन आला. आत्याबाईंनी चष्मा लावला, हिरवा ठिपका शोधला, त्यावर बोट टेकवून आईंना दाखवला. आपल्याकडे ते रेनेट सूक्ष्मजीवांपासून करतात म्हणे, धाकटीनंच सांगितलं. आता हेच आधी सांगायला काय झालं होतं तिला?

मग पिझ्झा आला, लझानिया आला. भट्टीतनं काढलेला, कडेला करपलेला, वर चीज अजून खदखदतंय. तरुण मंडळी तुटून पडली. आत्याबाई मात्र हात बांधून बसलेल्या. “मला भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही.” पोरगा म्हणाला, “आजी, रिझोटो घ्या. आपल्या इंद्रायणीचा करतो. आर्बोरियो तांदूळ इटलीहून आणायचा म्हणजे परवडत नाही, आणि इंद्रायणीला चिकटपणा आहेच.” आत्याबाईंचा चेहरा असा खुलला! त्यांचं माहेर वडगावचं ना. पण लगेच उलटतपासणी. तांदूळ कितीदा धुता?

“धुतच नाही, आजी.”

अहो, पार्मेसानला नव्हती तेवढी शांतता याला! मास्तरीणबाईंनी तर कपाळालाच हात लावला. न धुतलेला भात, तोही पाहुण्यांना! पोरगा सांगतोय, धुतला तर वरचा स्टार्च निघून जातो, मग दाटपणा कुठून येणार? आधी लोण्यावर कांदा, त्यावर कोरडा तांदूळ परतायचा. मग भाज्यांचं उकळतं पाणी पळी पळी घालत, हलवत राहायचं, अठरा-वीस मिनिटं. हात थांबवायचा नाही. शेवटी गॅसवरून उतरवून गार लोणी आणि किसलेलं चीज घोटायचं. आत्याबाई ऐकतायत, मान हलवतायत. “एवढं घोटायचं असेल तर मग धुवून तरी घ्या,” एवढंच म्हणाल्या. पण मशरूम घातलेली ती बशी समोर आली आणि आत्याबाई गप्प. पाच मिनिटं एक शब्द नाही. मग बशी पुढे सरकवली, “अजून आहे का रे?”

दुसऱ्या बशीला त्यांना भाषण सुचलं. “शेवटी अन्न म्हणजे आपल्या मातीतलं. कुरवंड्याला उगम पावते ती इंद्रायणी, तिच्या नावाचा हा तांदूळ. परकं काही नाही यात.”

आता मामांनी गप्प बसावं की नाही? पण रिटायर झालेला माणूस! म्हणाले, “आत्याबाई, इंद्रायणी अर्धी परकीच. 1987 साली आली, तुमच्या माहेरच्याच कृषी संशोधन केंद्रातून. एका बाजूनं आंबेमोहोर 157, दुसऱ्या बाजूनं आयआर 8. आणि ते आयआर 8 म्हणजे फिलिपिन्सचं.”

आत्याबाई दोन मिनिटं मामांकडे बघतच राहिल्या. मग म्हणतात, “म्हणजे तांदळानंही आंतरजातीय केलं?” आणि वहिनी, मुलाच्या आईंनी पटकन मान दुसरीकडे वळवली! का, तर त्यांच्या थोरल्यानं तिकडे जर्मनीत… ते राहू द्या. ते वेगळंच प्रकरण आहे, दुपारी निवांत सांगेन.

पण खरी गंमत ऐका, आणि माझ्या गळ्याची शपथ, कुणाला बोलायचं नाही. मी हात धुवायला गेले तेव्हा पोरगा हळूच मला म्हणतो, “काकू, आजींना सांगू नका, पण तांदूळ परतल्यावर त्यात पळीभर व्हाइट वाइन जाते. नाशिकची.” मी म्हटलं, अरे बाबा! म्हणे, उकळली की बरीचशी उडून जाते. बरीचशी! सगळी नाही! आणि आत्याबाईंच्या दोन बश्या झालेल्या. परत येऊन बघते तर कानटोपी काढून ठेवलेली, गाल लाल, आणि त्यांच्या लग्नात विहिणीची पंगत कशी रुसली होती ते सांगून स्वतःच हसतायत. थंडीमुळेही असेल हो. मी आपली गप्प राहिले.

बिलाच्या वेळी नेहमीचंच. मुलाचे वडील पाकीट काढतायत, मामा त्यांचा हात धरतायत, “नाही नाही, तुम्ही पाहुणे”, “छे छे, पुढच्या वेळी तुम्ही”. पाच मिनिटं कुस्ती चालली. मग पोरगा म्हणतो, “अहो, बिल झालं.” मुलानं आणि धाकटीनं केव्हाच आपापल्या फोनवरून निम्मं निम्मं भरलेलं! मास्तरीणबाईंना कुठे बघावं कळेना. आणि मुलाची आई… रागावली असावी असं मला आधी वाटलं, पण नाही. म्हणाली, “हिशेबाला बरी आहे.” आता ही स्तुती धरायची का, तुम्हीच सांगा.

होकार? अजून नाही आला. पण काल सकाळी मला आत्याबाईंचा फोन. मुलीबद्दल अवाक्षर नाही. म्हणे, “मावळातला खात्रीचा इंद्रायणी मिळेल का? यंदाचा नवा हवा, जुना नको, चिकट व्हायला पाहिजे. पाच किलो पाठवा.” मी कामशेतच्या आमच्या जावेला सांगून ठेवलाय. पाच किलो तांदूळ मागवणारी माणसं नकार कळवतात होय? नाही ना कळवत?

बरं, ते असो. आपण दोघी जाऊ या का तिथे बुधवारी? गुरुवार नको, मार्गशीर्ष चाललाय, माझी घटमांडणी असते. आणि शनिवार-रविवार तर उभं राहायला जागा नसते. धाकटीला सांगितलंय टेबल धरून ठेव म्हणून. ती काय, हल्ली रविवारी तिथेच दिसते म्हणे. कुणाबरोबर? अगंबाई, हे तर सांगायचंच राहिलं…