आवाजाची मोड

आमच्या जबलपूरच्या सराफ्यात जुनं सोनं मोडीत घालायला गेलात, की सराफ आधी डागिना कसोटीवर घासतो, मग काट्यावर ठेवतो. वजन इतकं, कस इतका, तूट इतकी, घडणावळ इतकी, सगळं कागदावर येतं. आजीच्या पाटल्या वितळून नातीच्या बांगड्या झाल्या, तरी त्यात आजीचं किती होतं याला कागद साक्षी असतो. नव्या बांगडीच्या आतल्या अंगाला भिंग लावून पाहा: बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) त्रिकोण, २२ कॅरट ९१६ हा शुद्धतेचा आकडा आणि अंक-अक्षरांची सहा घरांची एचयूआयडी खूण. १ एप्रिल २०२३ पासून या खुणेशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तिळाएवढ्या जागेत तीन खुणा मावतात.

आणि सणासुदीला याच गल्ल्यांतून डीजेची गाडी जाते, तेव्हा चार मिनिटांच्या गाण्यात एक नाव मावत नाही.

परवा कमानिया गेटजवळ अशीच गाडी अडकून उभी होती. ढोलाच्या ठोक्यांवर एका बाईचा आवाज फिरत होता. दोन सेकंदांचा तुकडा कापलेला, वेग वाढवलेला, सूर पट्टीबाहेर चढवलेला, पुन्हा पुन्हा तोच. एवढं करूनही आवाज लपत नव्हता: लता मंगेशकरांचा. गाडीवरच्या पोराला विचारलं, गाणं कुणाचं? "अपना ही मिक्स है, अंकल." आवाज कुणाचा? "कोई पुराना सैंपल है." पोरगा उद्धट नव्हता, त्याला खरोखरच माहीत नव्हतं. त्याच्या पेनड्राइव्हवर डीजेचं नाव होतं, ठोक्याचा वेग होता, गायिकेचं नाव नव्हतं. मोडीतलं सोनं घेतलं आणि कागद फाडून टाकला, याला मी दुसरा शब्द लावणार नाही.

हे फक्त गल्लीतच होतं असं नाही. १९८१ च्या ‘ज्योती’ चित्रपटात बप्पी लाहिरींच्या चालीवर लता मंगेशकरांनी ‘थोडा रेशम लगता है’ गायलं. २००२ साली अमेरिकेत ट्रुथ हर्ट्‌स या गायिकेचं ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ आलं. डीजे क्विकने ते बांधलं होतं लताबाईंच्या त्याच गाण्यावर. एखादी तान उचललेली नव्हती, जवळजवळ सगळं गाणं त्या आवाजाच्या पाठीवर बसून चाललं होतं. बिलबोर्डच्या यादीत ते पहिल्या दहांत गेलं. सीडीवर ना लताबाईंचं नाव, ना बप्पींचं. प्रकरण लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेलं आणि २००३ साली आदेश निघाला: बप्पींचं नाव घाला, नाहीतर विक्री थांबवा. पुढे मात्र त्याच लढाईत चालीचा हक्क बप्पींचा नसून चित्रपटाच्या निर्मात्याचा ठरला आणि त्यांचा दावा फेटाळला गेला. करारात हक्क लिहून दिले की काय होतं, ते इथे दिसतं.

पण या सगळ्या भांडणात गळा कुणाचा होता? १९८१ मध्ये भारतीय कायद्यात गायकाला स्वतःच्या गाण्यावर हक्क असा नव्हताच. तो १९९४ च्या दुरुस्तीने आला, आणि गाणारा म्हणून आपलं नाव लागलं पाहिजे असं म्हणण्याचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीने. त्यातही एक फट ठेवलेली आहे: वापराच्या पद्धतीमुळेच नाव देणं शक्य नसेल तर सूट. दोन सेकंदांच्या तुकड्याला नाव कुठे चिकटवायचं, असं म्हणत त्या फटीतून उद्या बैलगाडी जाईल.

कुणी म्हणतं, लताबाईंना नावाची काय गरज, सगळं जग ओळखतं. त्या गाडीवरच्या पोराने ओळखलं नाही. आणि लताबाईंची ही गत, तर कॅसेटवर देवीची भगतं गाणाऱ्या एखाद्या बुंदेली बाईचा आवाज उचलला, तर तिच्या वतीने कोण लॉस एंजेलिसला जाणार?

नावाची किंमत खुद्द लताबाईंना पक्की ठाऊक होती. १९४९ च्या ‘महल’मधल्या ‘आयेगा आनेवाला’च्या तबकडीवर गायिका म्हणून छापलं होतं ‘कामिनी’. ते मधुबालाच्या पात्राचं नाव. गाणं रेडिओवर लागलं, लोकांनी पत्रं पाठवून विचारलं, ही कोण गाते? तेव्हा कुठे लता मंगेशकर हे नाव हवेत आलं. पुढे फिल्मफेअरच्या सोहळ्यात गाण्याचं बोलावणं त्यांनी नाकारलं, कारण पुरस्कार संगीतकाराला होता, गायकाला नव्हता. १९५९ पासून गायकांसाठी वेगळा पुरस्कार सुरू झाला.

म्हणून गणपती-नवरात्राच्या मंडळांना माझं सांगणं आहे. यंदा डीजेला सुपारी देताना गाण्यांची यादी लेखी मागा, आणि प्रत्येक मिक्सपुढे मूळ गायकाचं नाव लिहून घ्या. नाव नसेल तर ते गाणं वाजवू देऊ नका. आणि तुम्ही नुसते रस्त्याच्या कडेला उभे असाल, तरी गाडीवरच्या पोराला विचारा: आवाज कुणाचा? १९४९ मध्ये ऐकणाऱ्यांनी एवढंच विचारलं होतं.