आभाळातून आहेर

ऑगस्ट 2007. अफगाणिस्तानातल्या खोस्त प्रांतात अमेरिकी लष्कराने हेलिकॉप्टरमधून पोरांसाठी फुटबॉल टाकले. हेतू नेक. पण चेंडूंवर देशोदेशीचे झेंडे होते आणि त्यांत सौदी अरेबियाचाही होता. त्या हिरव्या झेंड्यावर कलमा लिहिलेला असतो. अल्लाह आणि पैगंबर, दोघांचं नाव त्यात येतं. आता फुटबॉल खेळायचा कसा? लाथ मारून! पुस्तकाला चुकून पाय लागला तरी हात जोडणाऱ्या आपल्या लोकांना यातली गोम वेगळी सांगायला नको.

शंभरेक माणसं निषेधाला रस्त्यावर उतरली. लष्कराने दिलगिरी व्यक्त केली. वर, स्थानिक मुल्ला आणि वडीलधाऱ्यांना विचारात घेऊन आम्ही इथल्या संस्कृतीचा किती मान राखतो, हेही ऐकवलं. चेंडू तेवढा त्यांना दाखवायचा राहिला असावा.

बरं, प्रकार नवा म्हणावा तर तोही नाही. 1994 च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी मॅकडोनाल्ड्सने खाऊच्या पिशव्यांवर सहभागी देशांचे झेंडे छापले होते. तेव्हाही झेंडा हाच आणि तक्रारही हीच: खाऊन झालं की कलमा कचऱ्यात. बर्गरवाल्यांच्या पिशवीवरून झालेला गोंधळ तेरा वर्षांनंतरही जगातल्या सगळ्यात बलाढ्य फौजेच्या कानावर गेला नव्हता!

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. इथे मागचा तोच दगड शोधत येतो. सप्टेंबर 2017 मध्ये अफगाणिस्तानातल्याच परवान प्रांतात अमेरिकी पत्रकं पडली. चित्रात सिंह एका कुत्र्याच्या मागे लागलेला. सिंह म्हणजे आपण, कुत्रा म्हणजे तालिबान. कल्पना शाळेच्या भित्तिपत्रकाला शोभावी अशी. पण तालिबानच्या झेंड्यावरही तोच कलमा असतो, आणि तो झेंडा कलाकाराने थेट कुत्र्याच्या अंगावर चिकटवला. कुत्रा तिथे नापाक. मेजर जनरल जेम्स लिंडर यांनी माफी मागितली. पाठोपाठ बगरामच्या अमेरिकी तळाच्या फाटकाशी आत्मघाती हल्ला झाला आणि तालिबानने तो पत्रकाचा सूड म्हणून मिरवला.

अमेरिकी फौजेच्या दिमतीला हजारो अफगाण दुभाषे होते. त्यांतल्या एकाला बोलावून चेंडू नाहीतर पत्रक पुढे धरायचं आणि "काय रे, चालेल का?" एवढंच विचारायचं. छदामही पडला नसता. पण दुभाष्याची आठवण होते ती बहुधा माफीनामा लिहायच्या दिवशी.