चार इंच पाच सूत

जुन्या मोटारींच्या जगात नावावरून नातं जोडायला जाणारा हमखास तोंडघशी पडतो. आडनाव एक, घराणी वेगळी, असाच तिथला कारभार. क्रायस्लरची एका रांगेतल्या सहा सिलिंडरांची जुनी इंजिनं घ्या. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने 1947 पासून कुर्ल्यात प्लिमथ आणि डॉज जोडायला घेतल्या, म्हणून ही मंडळी आपल्याकडेही नांदली. अमेरिकेतल्या प्लिमथचं इंजिन 218 घनइंची, कॅनडातलंही 218च. पण अमेरिकन हेड साडेतेवीस इंच लांब आणि कॅनडाचं पंचवीस. बोअर वेगळा, स्ट्रोक वेगळा. गुणाकार तेवढा सारखा. उलट डॉजचं 230 हे अमेरिकन प्लिमथचं सख्खं भावंड. बोअर तोच, सव्वातीन इंच. फरक पोटात, क्रँक आणि कनेक्टिंग रॉडमध्ये.

आमच्या बापूकाकांकडे 1948ची प्लिमथ आहे. काकांच्या मते मोटार म्हणजे प्लिमथ. डॉज ही प्लिमथ न मिळालेल्यांची सोय. परवा त्यांनी भंगार बाजारातून घासाघीस करून ‘अस्सल 218’चं हेड गॅस्केट आणलं. मिस्त्रीने टेप लावली. पंचवीस.

“काका, हे कॅनडाचं.”

“मग काय झालं? 218च आहे ना?”

“आहे. पण दीड इंच बाहेर लोंबेल.”

“थोडं कापून बसव की.”

मिस्त्रीने हे ऐकलंच नाही असं दाखवलं. तो डायनामोच्या वर, ब्लॉकवरचा नंबर पुसत होता. P15. “बघ! शुद्ध प्लिमथ,” काका म्हणाले.

“नंबर ब्लॉकचा असतो, काका. आत कोण राहतंय ते तो सांगत नाही.”

सहाव्या सिलिंडरवर हेडला एक छोटा प्लग असतो. मिस्त्रीने तो काढला आणि सरळ, लांब काहीतरी मागितलं. काकूंच्या विणकामाच्या पिशवीतून लोकरीची सुई आली. मागोमाग काकूही आल्या. सुई भोकातून पिस्टनवर टेकली. मी हँडल फिरवू लागलो. सुई सावकाश वर आली, क्षणभर थबकली, उतरू लागली. मिस्त्रीने वर एक, खाली एक अशा खुणा केल्या आणि पट्टी लावली. प्लिमथला हवेत चार इंच तीन सूत. भरले चार इंच पाच सूत.

“क्रँक डॉजचा आहे. रॉडसकट टाकलाय, म्हणून चाललं. नुसता क्रँक टाकला असता तर पिस्टन एक सूत वर डोकावला असता.”

काका बराच वेळ गप्प. मग हिशेब सुचला. “म्हणजे 218च्या गाडीत 230? बारा घनइंच फुकट?” चेहरा खुलला. “तरीच घाटात कशी ओढते! डॉजवाले तसे हुशारच हो.”

काकूंनी ग्रीसने माखलेली सुई दोन बोटांत धरून उजेडात पाहिली. “या सुईने आता स्वेटर झालाच,” त्या म्हणाल्या, “तर तुमच्या डॉजला होईल.”