राणीच्या वाढदिवसापर्यंत थांबा

कॅनडात, ओंटारियोच्या दक्षिण भागात, मेच्या पहिल्या शनिवारी लख्ख ऊन पडतं आणि भली भली माणसं बिघडतात. पारा 20 वर जातो, शेजारीपाजारी अर्ध्या चड्डीत हिंडू लागतात आणि रोपवाटिकेच्या दारातच झेंडू, झिनिया, बेगोनिया फुलांसकट मांडलेले दिसतात. पाच महिने करडं आभाळ पाहिलेल्या माणसाचा हात खिशाकडे जाणारच. विकणाऱ्याचं काय, त्याला रोप विकायचं असतं. ते जगवायचं आपण.

इथला जुना नियम साधा आहे: व्हिक्टोरिया डेची सुट्टी होईपर्यंत नाजूक रोप जमिनीत लावायचं नाही. व्हिक्टोरिया राणीचा जन्म 24 मे 1819 चा. सुट्टी मात्र 25 मेच्या आधीच्या सोमवारी, म्हणजे कधी 18 तारखेला, कधी 24 ला. राणी इंग्लंडची, झेंडू मूळचा मेक्सिकोचा, लावणारा सांगलीचा. तिघांची गाठ पडते ती ओंटारियोतल्या वाफ्यात. जर्मनीत हेच खातं संतांकडे आहे. 11 ते 15 मे हे तिकडच्या हिमसंतांचे दिवस, त्यातली शेवटची 'थंड सोफी'. ती बाई एकदा गेली की मग लावा म्हणतात.

दिवसाच्या उन्हावर भुलू नये. घात करते ती रात्र, आणि तीही निरभ्र. ढग नाहीत, वारा नाही, चांदणं कसं सुरेख! अशा रात्री जमिनीतली ऊब सरळ आभाळात निघून जाते आणि जड झालेली गार हवा खोलगट जागी साचून राहते. अंदाज 2 अंशांचा असतो, पण तो आकडा जमिनीपासून चार-पाच फुटांवरचा. खाली पानाशी पारा शून्याखाली उतरलेला असतो. सकाळी पाहावं तर इम्पेशन्सची पानं उकळत्या पाण्यातून काढलेल्या पालकासारखी काळपट, लिबलिबीत. हा आपल्या तेरड्याचाच भाऊबंद. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. इथे तेवढेही मिळत नाहीत.

खरी गंमत सदाफुलीची. आपल्याकडे ती कुणी लावत नाही, ती उगवते: भिंतीच्या भेगेत, गच्चीच्या पन्हाळीत, स्मशानाच्या कुंपणाशी. तीच इथे 'व्हिंका' नावानं डॉलर मोजून घ्यावी लागते आणि तिचे नखरे विचारू नका. गोठलेलं दंव दूरच, नुसत्या गार ओल्या मातीतही तिची पानं पिवळी पडतात, मुळं कुजतात. जाणती माणसं तिला जून उजाडल्याशिवाय हात लावत नाहीत. त्याआधी आठ-दहा दिवस रोपांना बाहेरची सवय करायची. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग हळूहळू उन्हात, रात्री परत घरात. फोनवर आईला हे सांगितलं तर म्हणाली, "अरे, तुला लहानपणी एवढं जपलं नव्हतं."

पावसाच्या भरवशावर धूळपेरणी करणारा खानदेशातला शेतकरी याहून कितीतरी मोठा जुगार खेळतो. पाऊस लांबला की दुबार पेरणीत त्याचं घर बसतं. इथे फार तर 30 डॉलर जातात आणि शेजारच्यांसमोर थोडी शोभा होते. तेव्हा या धास्तीला संकट म्हणू नये, हौस म्हणावं.

मेमध्ये लेकीकडे किंवा मुलाकडे कॅनडात निघाला असाल, तर सामानात एक जुनी सोलापुरी चादर टाका. थंडीचा अंदाज असेल त्या दिवशी वाफ्यात चार काठ्या रोवायच्या, ऊन उतरायच्या आत त्यावर चादर घालायची आणि काठ मातीला टेकवायचे, म्हणजे जमिनीची ऊब आत राहते. सकाळी आठवणीनं काढायची. प्लास्टिक मात्र नको. ते पानाला चिकटतं, आणि चिकटेल तिथं पान जळतं.